फिरता चट्टा

"ताई, लेकराची जीभ सोलायलीय बघ. परवा डाव्या अंगाला होतं, आज उजव्या अंगाला आलंय. मला तर काही सुधरेना."

सेलूहून धाकट्या बहिणीचा फोन होता. पाठोपाठ मोबाइलवर फोटो आला. पाच वर्षांच्या भाच्याची बाहेर काढलेली जीभ. मधोमध आणि कडेला दोन-तीन लालभडक, गुळगुळीत बेटं. प्रत्येक बेटाभोवती पांढरट पिवळी, जराशी उचललेली कड, कागदावर कुणी खडूनं किनारा काढावा तशी. बाकीची जीभ नेहमीसारखी, खरखरीत गुलाबी. चार दिवसांनी तिनं पुन्हा फोटो पाठवला, तर ती बेटं तिथं नव्हतीच. आधीची जागा पूर्ववत झाली होती आणि टोकाजवळ नवीनच चट्टा उमटला होता.

त्यानंतरचं वर्ष त्या घरानं कसं काढलं ते मी जवळून पाहिलं आहे. सासूबाई म्हणाल्या, अंगात उष्णता झालीय. शेजारीण म्हणाली, जंत झालेत. टाकणखाराची लाही मधात कालवून लावून झाली, जाईचा पाला चावायला देऊन झाला, सब्जा झाला, गुलकंद झाला. एका डॉक्टरांनी बुरशी म्हणून तीन आठवडे थेंब दिले. दुसऱ्यांनी बी-कॉम्प्लेक्स दिलं. तिसऱ्यांनी रक्ताच्या तपासण्यांची लांबलचक चिठ्ठी लिहून दिली. तिखट बंद, चिंच बंद, टोमॅटो बंद, दही बंद. लेकरू वर्षभर वरणभातावर राहिलं आणि वाढदिवसाच्या दिवशी भेळ मागून रडलं. ज्या आजारानं त्याचं काहीही वाकडं होणार नव्हतं, त्या आजारावरच्या उपायांनी मात्र त्याचं वर्ष खाल्लं.

या चट्ट्यांना वैद्यकशास्त्रात बिनाइन मायग्रेटरी ग्लॉसायटिस म्हणतात. जिभेचा निरुपद्रवी, जागा बदलणारा दाह. डॉक्टर बोलताना जिऑग्राफिक टंग म्हणतात, आपण भौगोलिक जीभ म्हणू. पिएर रेयर या फ्रेंच वैद्यानं १८३१ साली त्याचं वर्णन केलं, म्हणजे ओळख जवळजवळ दोनशे वर्षांची आहे. आपल्या जिभेवर दोऱ्यासारखे बारीक असंख्य अंकुर असतात, तिचा खरखरीतपणा त्यांच्यामुळे. या आजारात एखाद्या भागातले ते अंकुर झडतात आणि तिथली जीभ लाल, गुळगुळीत दिसू लागते. काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत, अंकुर पुन्हा उगवतात आणि दाह दुसरीकडे सरकतो. हे असं का होतं याचा निर्णायक उलगडा झालेला नाही. घराण्यात चालत येण्याकडे कल दिसतो. सोरायसिस असलेल्यांत ते जास्त आढळतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींचं चित्र सारखं दिसतं, पण भौगोलिक जीभ असलेल्या बहुतेकांना सोरायसिस नसतो. अनेकांच्या जिभेवर सोबतीला भेगाही असतात, मे महिन्यात आमची काळी जमीन भेगाळते तशा. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, त्याचा कॅन्सर होत नाही, त्यात जीव जात नाही. तिखट लागलं तर चुरचुरतं, पुष्कळांना तेवढंही होत नाही. औषधाची बहुधा गरज पडत नाही.

मग माझा प्रश्न असा, की हे सगळं पहिल्याच दिवशी माझ्या बहिणीला कुणी का सांगू शकलं नाही? मला वाटतं, त्याचं एक कारण मोजणीत आहे. एखादी गोष्ट किती जणांना असते हे ठाऊक असलं तरच "असं असतं, घाबरू नका" हे वाक्य ठामपणे म्हणता येतं. आकडा पाठीशी नसला की डॉक्टरही चाचपडतो, आणि चाचपडणारा डॉक्टर औषध लिहितो.

जगात या मोजण्या झाल्या आहेत. अमेरिकेत मिनेसोटातल्या ३,६११ शाळकरी मुलांच्या जिभा पाहून १९७० साली एक निबंध प्रसिद्ध झाला, त्यात प्रमाण सुमारे १.४ टक्के निघालं. पुढं १९८८ ते १९९४ या काळात त्या देशानं साऱ्या राष्ट्राच्या प्रकृतीची जी पाहणी केली, तिच्यातल्या १६,८३३ प्रौढांच्या नोंदी तपासल्या गेल्या तेव्हा आकडा आला १.८ टक्के. पाठ्यपुस्तकं साधारण एक ते तीन टक्के असं सांगतात. २०११ च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८,३६,०८६ होती. तिला नुसता १.४ नि १.८ चा हिशेब लावला तरी पंचवीस ते तेहेतीस हजार माणसं होतात. एवढ्या माणसांनी एकाच दिवशी जीभ बाहेर काढली तर एखाद्या मोठ्या बाजारगावाएवढी गर्दी होईल. आणि माझ्या बहिणीला वाटत होतं की हे जगावेगळं दुखणं तिच्याच लेकराच्या वाट्याला आलंय.

हा हिशेब मी केला खरा, पण त्यावर विसंबून राहावं असं मला वाटत नाही. मिनेसोटाची मुलं म्हणजे जिंतूरची मुलं नव्हेत. अमेरिकेच्या त्याच पाहणीत गोऱ्या आणि काळ्या लोकांपेक्षा मेक्सिकन वंशाच्या लोकांत हे चट्टे कमी आढळले, सिगारेट ओढणाऱ्यांतही कमी आढळले. म्हणजे वंश, सवयी, राहणीमान यांनी आकडा हलतो. आमच्याकडं तर सवयीच वेगळ्या. सिगारेट ओढणारे थोडे, तंबाखू-चुना मळणारे उदंड. आहार वेगळा, ऊन वेगळं, रक्तातलं लोह वेगळं. तेव्हा परभणीचा आकडा परभणीतच काढला पाहिजे.

इथं एक जण मला नक्की अडवील. तो म्हणेल, बाई, ज्या जिल्ह्यात पाऊस दगा देतो, सोयाबीनला भाव मिळत नाही, बायका-पोरांच्या अंगात रक्त नाही, तिथं तुम्हाला कुणाचं काहीही न बिघडवणारा आजार मोजायचाय? सरकारी पैसा काय वर आलाय? ही हरकत रास्त आहे आणि ती झटकून टाकावी असं मला वाटत नाही. पण निरुपद्रवी आजार न मोजल्यानं पैसा वाचत नाही. तो सरकारऐवजी आईच्या पदराच्या गाठीतून जातो, एवढंच. बुरशीचे थेंब, जीवनसत्त्वाच्या बाटल्या, तपासण्या, सेलूहून परभणीला येण्याजाण्याचं एसटीचं भाडं, बुडालेला रोज. हा खर्च कुठल्याही अर्थसंकल्पात दिसत नाही. शिवाय यात पैशाहून मोठी एक गोष्ट आहे, तिच्याकडं मी पुढं येते.

आधी मोजायचं कसं, ते पाहू. कारण या आजाराइतका मोजायला अवघड आजार क्वचित असेल.

पहिली अडचण आमच्या भाषेतच आहे. जिभेच्या बोलण्याबद्दल आणि चवीबद्दल मराठीत शब्दांची खाण आहे. जिभेला हाड नसतं, जिभेचे चोचले असतात, ती सैल सुटते, चुरुचुरु चालते, टाळ्याला चिकटते. पण तिच्या दुखण्याबद्दल बोलायची वेळ आली की आपण दोन शब्दांत काम उरकतो, "तोंड आलं." आतल्या गालाला आलेला फोड, जिभेची सोललेली कड, बाळाच्या जिभेवरचा बुरशीचा पांढरा थर, जीवनसत्त्वाच्या अभावानं आलेली आग, जाळणारा तंबाखूचा चुना, सगळ्याला तोंड आलंच. तेव्हा कुणी घरोघर जाऊन "कधी तोंड आलं होतं का?" असं विचारलं तर शंभरातले शंभर हो म्हणतील आणि त्या उत्तराचा काडीचा उपयोग होणार नाही. हा आजार विचारून कळत नाही, पाहावा लागतो. ज्यांना चुरचुर नाही त्यांना तर आपल्याला काही आहे हेच माहीत नसतं. कितीजण सकाळी आरशात स्वतःची जीभ बघतात? योगरत्नाकरात अष्टविध परीक्षा सांगितली आहे, नाडी, मूत्र, मल यांच्यानंतर तिथं जिव्हा येते. जुना वैद्य जीभ पाहिल्याशिवाय पुडी बांधत नसे. आता घाईच्या दवाखान्यात "आ कर" म्हटलं तरी नजर घशाकडं जाते, वाटेतल्या जिभेवर थांबत नाही.

दुसरी अडचण जागेची. परभणीत सरस्वती धन्वंतरी दंत महाविद्यालय आहे, २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं आहे. तरुण डॉक्टरांना प्रबंधासाठी विषय हवा असतो आणि समोर ओपीडीत रोज माणसं रांगेत बसलेली असतात. हजार जणांची तोंडं तपासली, वीस जणांच्या जिभेवर चट्टे सापडले, दोन टक्के. असं काम कष्टाचं असतं आणि मी त्याला कमी लेखत नाही. पण तो आकडा जिल्ह्याचा नसतो, त्या रांगेचा असतो. रांगेत कोण बसतं? दाढ ठणकते म्हणून आलेला चाळिशीचा माणूस. त्याला जिभेचं काही विचारायचंच नसतं. लहान मुलं तिथं थोडी येतात, आणि हा आजार तर पुष्कळदा लहानपणीच पहिल्यांदा दिसतो. म्हणजे आकडा खाली येणार. उलट, जिल्हाभरातून ज्यांना ज्यांना जिभेची भीती वाटली त्यांना त्यांच्या गावच्या डॉक्टरांनी तिथंच पाठवलेलं असतं. म्हणजे आकडा वर जाणार. कुठलं ओढणं किती जोराचं, हे रांगेकडं पाहून कळत नाही. पालमजवळच्या वाडीवरची म्हातारी तर त्या रांगेत नसतेच. तिच्याकडं भाड्याचे पैसे नसतात आणि गुरं सोडून जायला दुसरं माणूस नसतं.

शिवाय हजारांत वीस म्हणजे नक्की दोन टक्के, असंही नाही. नशिबानं त्या हजारांत दोन-चार जास्त किंवा कमी आले असतील. संख्याशास्त्राच्या हिशेबानं त्या वीसमागचं खरं प्रमाण साधारण सव्वा टक्क्यापासून तीन टक्क्यांपर्यंत कुठंही असू शकतं. शंभर-दीडशे जण पाहून काढलेल्या टक्केवारीला तर मी टक्केवारी म्हणायलाच तयार नाही.

रांगेतून उठून गावात जायचं म्हणजे काय, याचं उदाहरण महाराष्ट्रानंच जगापुढं ठेवलेलं आहे, आणि ते आपण विसरलो याचं मला मनापासून वाईट वाटतं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दंतसंशोधनाचा एक विभाग होता. डॉ. फली मेहता तिथं काम करत, आणि डेन्मार्कचे येन्स पिंडबोर्ग हे मुखरोगांचे जगन्मान्य अभ्यासक त्यांच्या जोडीला होते. ही मंडळी इस्पितळात बसून राहिली नाहीत. साठच्या दशकात त्यांनी देशातल्या पाच जिल्ह्यांत मिळून ५०,९१५ खेडुतांची तोंडं तपासली, तो अहवाल १९६९ साली आला. त्यानंतर महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ खेडुतांची तोंडं तपासून त्यांनी १९७२ साली दुसरा अहवाल दिला. एक लाख एक हजार सातशे एकसष्ट. हा आकडा मी मुद्दाम अक्षरात लिहिला, कारण त्यातला शेवटचा एकसुद्धा कुणाच्या तरी ओसरीवर उभं राहून, दिवसाच्या उजेडात, "आ करा बाबा" म्हणून मिळालेला आहे. त्यांचा शोध तोंडाच्या कॅन्सरचा आणि त्याआधी दिसणाऱ्या पांढऱ्या डागांचा होता, भौगोलिक जिभेचा नव्हता. पण तंबाखू आणि तोंडाचा कॅन्सर यांचं नातं आपल्या मातीत पक्कं झालं ते अशा पायपिटीनं. रांगेनं ते दाखवलं नसतं. कॅन्सर झालेला माणूस इस्पितळात येतो, त्याच्या गावातली कॅन्सर न झालेली, डाग असलेली आणि डाग नसलेली बाकीची माणसं येत नाहीत, आणि त्यांच्याशिवाय तुलना होत नाही.

तिसरी अडचण या आजाराच्या स्वभावातच आहे. तो फिरतो. भाच्याच्या जिभेवरचे चट्टे मी एकदा वहीत मांडले होते. अकरा दिवस होते, मग सतरा दिवस जीभ कोरी, मग पुन्हा नऊ दिवस. त्या सतरा दिवसांत कुणी तपासनीस आला असता तर त्यानं त्याच्या नावापुढं फुली मारली असती आणि त्याची काही चूक झाली नसती. समजा एखाद्याच्या जिभेवर वर्षातून मिळून तीन महिने चट्टे असतात, तर एका दिवसाच्या पाहणीत तो सापडण्याची शक्यता चारात एक. म्हणून "आज किती जणांना आहे" आणि "कधी ना कधी किती जणांना होतं" हे दोन वेगळे आकडे आहेत. मिनेसोटाचा १.४ हा पहिल्या प्रकारचा. आईला हवा असतो दुसरा, आणि तो कितीतरी मोठा असणार. त्यासाठी तेच घर, तीच मुलं, वर्षातून चार-सहा वेळा पाहायला हवीत.

आणि इथं परभणीची एक गोष्ट आडवी येते. गंगाखेड, सोनपेठ, पालम या भागांतली कित्येक बिऱ्हाडं दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पाहणीची पथकं बहुधा हिवाळ्यातच निघतात, कारण पावसाळ्यात वाटा चिखलाच्या आणि एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो. त्या दिवसांत या तांड्या-वस्त्यांवर घरांना कुलपं असतात, मागं राहिलेली म्हातारी माणसं असतात. लेकरं कुठल्याशा कारखान्याच्या फडात, पाचटाच्या कोपीत. आजार जागा बदलणारा आणि माणसंही जागा बदलणारी. ज्यांच्या पोटात सगळ्यात कमी पडतं तीच माणसं यादीतून सुटली तर जीभ या विषयावरचा कुठलाही आकडा लंगडा राहील, कारण जीभ ही पोटातल्या उपासमारीची पहिली पाटी आहे.

घराण्याचा मुद्दाही आहे. हा आजार रक्ताच्या नात्यात जास्त दिसत असेल तर एकाच गल्लीतली एकाच भावकीची दहा घरं घेऊन चालणार नाही. तिथं आकडा फुगेल, पलीकडच्या आळीत एकही सापडणार नाही. घरं विखरून निवडावी लागतील, नऊही तालुक्यांत, पूर्णेच्या काठची आणि माळावरची, शहरातली आणि तांड्यावरची.

आता ती मोठी गोष्ट.

भौगोलिक जीभ निरुपद्रवी आहे हे कळून एक घर निवांत झालं, तर ते चांगलंच. पण निरुपद्रवीची नीट ओळख पटली की दुसरं काम सुरू होतं, उपद्रवी ओळखण्याचं. आमच्याकडं तंबाखूचं काय चाललंय ते कुणाला सांगायला नको. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचं सेवन करत होते, आणि त्यातले बहुतेक चघळणारे. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण पुड्या मिळतात कुठं हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. चुना-तंबाखूची चिमूट ओठाखाली किंवा गालात धरली जाते, तिथंच पांढरा डाग उठतो, जिभेच्या कडेला जखम होते. ती जखम आणि भौगोलिक जिभेचा चट्टा यांतला सगळ्यात सोपा फरक असा, की एक फिरतो आणि दुसरा ठाण मांडून बसतो. फिरता चट्टा चार दिवसांनी जागा सोडतो. ठाण मांडलेली जखम दोन-तीन आठवड्यांनीही तिथंच असते, तिच्या कडा घट्ट लागतात, आणि फार घातक गोष्ट म्हणजे सुरुवातीला ती दुखत नाही. एवढं एक वाक्य गावातल्या प्रत्येक आशाताईला पाठ असलं, प्रत्येक मेडिकल दुकानदाराला माहीत असलं, तर लेकराच्या फिरत्या चट्ट्यावर वायफळ बाटल्या खपणार नाहीत आणि आजोबाच्या ठाण मांडलेल्या जखमेवर सहा महिने जाईचा पाला चावला जाणार नाही. पण हे वाक्य पाठ व्हायचं तर आशाताईनं दोन्ही पाहिलेले हवेत. पहिला तिला शेकडा एक-दोन घरांत सापडणारच आहे, तो दाखवणारं कुणी हवं. मोजणीचं खरं मोल मला इथं दिसतं. आकडा हाती येतो तो येतोच, पण मोजणाऱ्या पन्नास-शंभर जोडी डोळ्यांना जीभ वाचता येऊ लागते, आणि ते डोळे पाहणी संपल्यावरही गावातच राहतात.

आमच्या घरच्या गोष्टीचा पुढचा भाग सांगते. वर्षानंतर शेवटी एका तरुण डॉक्टर मुलीपुढं आम्ही भाच्याला बसवलं. टॉर्च घेऊन ती म्हणाली, "जीभ दाखव रे राजा." तो काही केल्या तोंड उघडेना. वर्षभर सगळ्यांनी त्याला जीभ दाखव, जीभ दाखव करून भंडावलेलं. शेवटी बहिणीनं त्याला दाखवायला स्वतःची जीभ बाहेर काढली, "अशी काढ, बघ, आईसारखी." डॉक्टरीण टॉर्च वळवायला विसरली. उजेड बहिणीच्या जिभेवरच राहिला. ती जीभ फिकट होती, मेणासारखी, आणि टोकापासून मागपर्यंत सपाट गुळगुळीत. तिच्यावर बेटं नव्हती, किनारे नव्हते, कारण अंकुरच नव्हते. डॉक्टरणीनं भाच्याला नंतर अर्ध्या मिनिटात तपासलं, त्याला काही झालेलं नाही, खाऊ दे काय खायचं ते, असं सांगितलं, आणि कागद ओढून बहिणीच्या नावानं रक्ताची तपासणी लिहिली. हिमोग्लोबिन आलं ७.६.

वर्षभर घरातली सात माणसं रोज एका जिभेकडं पाहत होती. तीन डॉक्टरांनी पाहिलं. प्रत्येक वेळी त्या लेकराला मांडीवर घेऊन बसलेली बाई समोरच होती. जिना चढताना तिला धाप लागत होती, ती म्हणायची, कामाचं आहे. तिचीही जीभ चुरचुरत होती, ते तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं. लोह किंवा बी-१२ कमी पडलं की जिभेचे अंकुर असेच झडतात, फक्त ते सरसकट झडतात आणि कमतरता भरून निघेपर्यंत परत उगवत नाहीत. हाच दाह, पण न फिरणारा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. त्याआधीच्या पाहणीत ते ४८ टक्के होतं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत ६८.९ टक्के. म्हणजे भौगोलिक जीभ शेकडा दोन असेल तर रक्तक्षयाची सावली पडलेली बाई दर दुसऱ्या घरात आहे. पहिली नजरेत भरते कारण ती लाल आहे, नक्षीदार आहे, आणि लेकराची आहे. दुसरी सपाट, फिकी, म्हणून दिसतच नाही.

परभणीनं या बाबतीत हातावर हात ठेवले नाहीत. आमच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं हैदराबादजवळच्या इक्रिसॅटच्या साथीनं ज्वारीचा एक वाण काढला आणि २०१८ मध्ये तो शेतकऱ्यांसाठी आला. नाव परभणी शक्ती. नेहमीच्या ज्वारीपेक्षा त्यात लोह आणि जस्त जास्त आहे. जिल्ह्याची भाकरीच औषध व्हावी, हा विचार मला फार मोलाचा वाटतो. ती भाकरी कुणाच्या ताटात पोचली पाहिजे, हे कळायला मात्र जीभ पाहावी लागेल.

आणि पाहणारी यंत्रणा उभीच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, त्याची पथकं गाडी घेऊन अंगणवाड्यांत आणि शाळांत जातात, मुलांना आ करायला लावतात, दात पाहतात. त्यांच्या तक्त्यात जिभेचा एक रकाना वाढवायचा. चार खुणा पुरेत: फिरता चट्टा, सपाट फिकी जीभ, भेगा, आणि न हलणारी जखम. दंत महाविद्यालयातल्या मुलामुलींनी पथकांना दोन दिवस फोटो आणि खऱ्या जिभा दाखवून शिकवायचं, आणि काही जिभा दोघांनी वेगवेगळ्या तपासून एकमेकांशी ताडून पाहायच्या, म्हणजे एकाचा चट्टा दुसऱ्याला कोरी जीभ दिसतो का ते कळेल. तंबाखूनं रंगलेली किंवा पांढरा थर चढलेली जीभ आधी चूळ भरायला लावून उजेडात पाहायची. ऊसतोडीची बिऱ्हाडं परतल्यावर, वैशाखात सकाळच्या वेळी, त्यांच्या वस्त्यांवर पुन्हा फेरी करायची. शाळेत मूल सापडलं की त्याच्या घरी जाऊन घरातल्या सगळ्यांच्या जिभा पाहायच्या, घराण्याचा धागा तिथंच हाती लागेल.

मागल्या वैशाखात मी एका ओळखीच्या आशाताईबरोबर मानवतजवळच्या एका वस्तीवर गेले होते, पोलिओच्या यादीचं काम होतं तिचं. मी गंमत म्हणून लेकरांना जिभा काढायला सांगितल्या आणि सगळी ओळीत उभी राहून जिभा काढू लागली. अकरा पोरं. सातव्या पोरीच्या जिभेवर नकाशा होता, उजव्या कडेला, ठळक पांढऱ्या किनाऱ्याचा. आशाताईनं चष्मा लावून तो नीट पाहिला आणि मला विचारलं, "हे फिरतंय म्हणता?" तेवढ्यात पोरीची आई चुलीवरची भाकरी उतरवून, हात पदराला पुसत बाहेर आली. मी तिला म्हटलं, "आता तुमचीही दाखवा की." ती लाजून मागं सरकली.

"माझी कशाला वो बाई, लेकराची बघा."

आशाताईनं चष्मा काढला नव्हता. तिनं पोरीला बाजूला उभं केलं आणि आईचा हात धरून तिला उजेडात आणलं.